कुंपणाची पाळी आणि कळपाची पाळी : बन्नीच्या कुरणातील फेरपालट चराईचे प्रकरण

कच्छमधील बन्नीच्या कुरणात एखाद्या वस्तीवर पहाटे उभे राहिले, तर अंधार पुरता विरण्यापूर्वी दूरवर धुळीचा पट्टा दिसू लागतो, त्यातून घंटेचा आवाज येतो आणि मागोमाग काळ्याभोर, शिंगांना दुहेरी वळण असलेल्या म्हशी एकामागून एक वस्तीकडे येऊ लागतात. त्यांच्या मागे काठी घेतलेला गुराखी नसतो. आदल्या संध्याकाळी धारा काढून झाल्यावर त्या आपल्या आपण रानात गेलेल्या असतात, रात्रभर काही कोस फिरून चरलेल्या असतात, आणि आता घरी राहिलेल्या रेडकांच्या ओढीने व भरलेल्या कासेच्या भाराने आपापल्या मालकाच्या अंगणात येऊन उभ्या राहतात. दिवस चढला की पाण्यात किंवा सावलीला बसून रवंथ करायचा आणि ऊन कलले की पुन्हा रानाची वाट धरायची, असा त्यांचा क्रम असतो. दावणीला बांधून पेंड-कडब्यावर म्हैस सांभाळणाऱ्या आपल्याकडच्या दूध उत्पादकाला हा प्रकार बेफिकिरीचा वाटेल. पण २०१० मध्ये ‘बन्नी’ ही देशातील म्हशींची अकरावी जात म्हणून नोंदली गेली, ती रात्रीच्या चराईच्या या सवयीसह आणि ऊन, टंचाई व लांबची चाल सोसण्याच्या ताकदीसह.

या म्हशी कोठे चरतात, आज या अंगाला गेलेला कळप पंधरा दिवसांनी दुसऱ्या अंगाला का जातो आणि हे कोण ठरवते, हा या प्रकरणाचा गाभा आहे. २००९ मध्ये वनखात्याने बन्नीसाठी कार्य आयोजना तयार केली. कुरणाचे विभाग पाडायचे, त्यांतील काही टप्प्याटप्प्याने कुंपण घालून चराईला बंद करायचे, तेथे वेडी बाभूळ हे झपाट्याने पसरणारे परदेशी झाड काढून गवत वाढवायचे आणि मग पुढील विभाग हाती घ्यायचे, असा तिचा आराखडा होता. कागदावर पाहिले तर ही सरळसरळ फेरपालट चराई आहे. जगभर शाश्वत पशुपालनाची पद्धत म्हणून तिची शिफारस होते आणि गवताला विश्रांती हवी, याबद्दल कोणाचे दुमतही नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या गवतावर जगत आलेल्या मालधाऱ्यांनी, म्हणजे तेथील पशुपालकांनी, त्या आराखड्याला कडाडून विरोध केला. एका बाजूला शास्त्र आणि दुसऱ्या बाजूला अडाणीपणा, अशी या वादाची मांडणी अनेकदा होते. माझ्या मते ती चुकीची आहे. दोन्ही बाजू गवताच्या विश्रांतीचीच भाषा बोलत होत्या. ती विश्रांती केव्हा द्यायची आणि तिची वेळ कोणी ठरवायची, एवढ्यापुरताच त्यांच्यात मतभेद होता.

विश्रांती म्हणजे नेमके काय

फेरपालट चराईची आधुनिक मांडणी ओल्या, थंड प्रदेशांत झाली. फ्रान्समधील नॉर्मंडीत स्वतःची गुरे राखणाऱ्या आंद्रे व्हाझां या अभ्यासकाने १९५० च्या दशकात तिला नियमांचे रूप दिले, आणि न्यूझीलंडमध्ये विजेच्या कुंपणाने ती रोजच्या व्यवहारात आणणे सोपे केले. मूळ विचार साधा आहे. जनावराने गवताचा शेंडा तोडला की ते रोप मुळांत आणि बुडख्यात साठवलेल्या अन्नावर पुन्हा फुटवा धरते. तो कोवळा फुटवा जनावराला सर्वांत जास्त आवडतो. त्यामुळे कळप तेथेच राहिला तर दुसरा घास त्या फुटव्याचाच घेतला जातो, साठा पुन्हा खर्ची पडतो, आणि असे तीन-चार वेळा झाले की चांगले गवत मरून त्याच्या जागी जनावर तोंड लावत नाही असे तण येते. म्हणून कळप एका कप्प्यात थोडेच दिवस ठेवायचा आणि मुळांतला साठा पुन्हा भरेपर्यंत तिकडे फिरकू द्यायचा नाही. विश्रांतीचा काळ ठरावीक नसतो. वसंतात गवत झपाट्याने वाढते तेव्हा तो आखडता घ्यायचा आणि वाढ मंदावली की लांबवायचा, हे व्हाझांनेच बजावून सांगितले होते. त्याचे नाव घेऊन वेळापत्रके बनवणारे पुष्कळजण नेमका हाच भाग गाळतात.

या मांडणीत एक गोष्ट गृहीत आहे. कप्पा बंद केला की त्या काळात गवत वाढणारच, कारण पाऊस किंवा ओल आहे. जेथे पावसाचा भरवसा असतो तेथे हे गृहीतक टिकते. कोरड्या प्रदेशांत मात्र ते डळमळीत होते. २००८ मध्ये रानकुरणांवरील चराईच्या प्रयोगांचा मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात बहुतांश प्रयोगांत फेरपालट चराईने गवताचे किंवा जनावरांचे उत्पादन अखंड चराईपेक्षा वाढल्याचे दिसले नाही. या निष्कर्षावर वाद झाले आणि ते अजून चालू आहेत. प्रयोगातले वेळापत्रक ताठर असते, खरा पशुपालक रोज डोळ्यांनी पाहून निर्णय बदलतो, म्हणून प्रयोगातून पद्धतीचे खरे मोल कळत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. बन्नीचे प्रकरण समजून घेताना हा आक्षेप लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण येथे वेळापत्रक आणि डोळे हे दोन्ही समोरासमोर आले.

जमीन आणि पाऊस

भुजच्या उत्तरेला, मोठ्या रणाच्या कडेला सुमारे २,५०० चौरस किलोमीटरवर बन्नी पसरली आहे. भुजच्या डोंगरांतून उत्तरेकडे वाहणाऱ्या नद्यांनी आणलेल्या गाळाची ही जमीन इतकी सपाट आहे की पावसाचे पाणी धड वाहून जात नाही. उथळ खोलगटांत ते साचते आणि हिवाळ्यापर्यंत हळूहळू आटते. अशा पाणथळांना तेथे ढंढ म्हणतात. त्यांपैकी छारी ढंढ पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असून २००८ पासून संवर्धन राखीव क्षेत्र आहे. जमिनीच्या पोटात खारे पाणी आहे. जेथे पावसाचे पाणी साचून मुरते तेथे मिठाचा अंश धुऊन जातो व गोडे गवत येते. जेथे ते पोचत नाही तेथे लाणा नावाचे खारे झुडूप आणि खाऱ्या जमिनीतले खुरटे गवत एवढेच तग धरते. आपल्याकडे ज्याला मारवेल म्हणतात तेच गवत बन्नीत जिंझवो म्हणून ओळखले जाते आणि आपले अंजन तेथे धामण होते. आपल्या माळरानावरच्या मेंढपाळाला ओळखीची वाटावीत अशी ही गवते आहेत. फरक एवढाच की येथे शंभर पावलांवर जमिनीची चव बदलते आणि तिच्याबरोबर गवतही.

पावसाची सरासरी वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास धरली जाते, पण या सरासरीचा प्रत्यक्षात फारसा उपयोग नाही. एखाद्या वर्षी तिच्या दुप्पट पाऊस पडतो, तर एखाद्या वर्षी जवळजवळ काहीच पडत नाही. शिवाय पाऊस पडेल तेथेच पडतो. एका वस्तीच्या रानात गुडघाभर गवत आणि दोन कोसांवरच्या रानात नुसती धूळ, हे चित्र तेथे नवे नाही. वाढीचा काळ पावसाळ्याच्या दोन-तीन महिन्यांपुरता असतो. पुढचे आठ-नऊ महिने गवत उभे वाळते आणि जनावरे त्या वाळल्या गवतावर जगतात.

आता वरचे शास्त्र या जमिनीवर लावून पाहू. गवताला विश्रांतीची खरी गरज असते ती पहिल्या पावसानंतरच्या काही आठवड्यांत, म्हणजे फुटवा जोर धरून बी बसेपर्यंत. बी झडून गवत वाळले की रोपाचे काम संपलेले असते. त्यानंतरची चराई मुळांना फारशी बाधत नाही, उलट खुरांनी बी जमिनीत दाबले जाते आणि शेणखतही मिळते. म्हणजे एखादा विभाग सबंध वर्ष कुंपणाने बंद ठेवला तर त्यातले आठ-नऊ महिने विश्रांती म्हणून वायाच जातात, आणि तेवढ्या काळाचा वाळला चारा कळपाला मिळत नाही. दुसरी अडचण पावसाची. समजा, बन्नीचे पाच भाग केले, त्यांपैकी एक यंदा बंद ठेवला, आणि नेमका त्याच भागावर पाऊस पडला. तर चारा कुंपणात आणि भुकेलेली जनावरे कुंपणाबाहेर अशी स्थिती होते. चारही उघड्या भागांवर कळप दाटतात आणि आधीच कोरड्या असलेल्या गवतावर दुहेरी भार पडतो. फेरपालटीने जे टाळायचे तेच फेरपालटीमुळे घडते.

मालधाऱ्यांची पद्धत याच्या उलट आहे. पाऊस कोठे पडला याची खबर काढायची, कोणत्या ढंढात किती पाणी आहे ते पाहायचे आणि कळपाचा मुक्काम तिकडे हलवायचा. पाणी भरपूर असते तेव्हा कळप विखुरतात; पाणी आटत जाते तसे ते मागे सरकतात; दुष्काळ पडला तर बन्नी सोडून दक्षिण कच्छ, सौराष्ट्र किंवा त्याही पलीकडे जातात, आणि तेव्हा सबंध कुरणाला आपोआप सक्तीची सुट्टी मिळते. या चालीला कोणी फेरपालट चराई असे नाव दिलेले नव्हते. परंतु ज्या जागी वाढ झाली तेथे कळपाने जायचे आणि वाढ थांबली की तेथून निघायचे, एवढा तिचा नियम पाहिला तर व्हाझांने सांगितलेल्या लवचिकतेच्या ती नकाशावरल्या कप्प्यांपेक्षा जास्त जवळ आहे.

या चालीचा कणा पाणी हा आहे आणि त्यासाठी मालधाऱ्यांनी केलेली युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. आटलेल्या ढंढाच्या तळाशी ते पुरुषभर खोलीचे खड्डे घेतात. त्यांना विरडा म्हणतात. वाळूतून झिरपलेले पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर, वजनाने हलके असल्यामुळे, तरंगत राहते. खड्ड्याच्या कडा लाकडांच्या चौकटीने धरतात व आतून गवताचे अस्तर लावतात, म्हणजे माती ढासळत नाही आणि पाणी गाळून येते. पाणी बेताने उपसावे लागते. हाव धरून जास्त उपसले तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विरडा हातचा जातो. म्हणून एका विरड्यावर किती जनावरे पाजायची याला मर्यादा पडते, आणि त्या मर्यादेने भोवतालच्या गवतावर किती तोंडे पडतील हेही ठरते.

वेडी बाभूळ

वनखात्याला कुंपणाची गरज का वाटली, हे समजून घेतल्याशिवाय त्याला दोष देणे अन्यायाचे होईल. १९६१ मध्ये रणाची खार बन्नीत सरकू नये म्हणून कडेच्या सुमारे ३१,५५० हेक्टरांवर परदेशी बाभळीची लागवड करण्यात आली. महाराष्ट्रात हिला वेडी बाभूळ म्हणतात. कच्छी लोक गांडो बावळ म्हणतात, आणि त्या शब्दाचा अर्थही हाच. तिच्या गोड शेंगा जनावरे आवडीने खातात, बी पचत नाही, शेणाबरोबर ते ओल्या खताच्या गादीवर पडते आणि पुढच्या पावसात उगवते. कळप जितका हिंडेल तितकी ती पसरते. आज बन्नीच्या निम्म्याहून अधिक भागावर तिचे कमीअधिक दाट झाड आहे. तिच्या दाट सावलीखाली गवत येत नाही, काट्यांमुळे आत शिरता येत नाही, आणि भरीस भर म्हणजे नद्यांवर बांधलेल्या धरणांमुळे जमिनीतील मीठ धुऊन नेणारे पुराचे पाणीही कमी झाले आहे.

या झाडाने कळपाची रचनाच बदलली. बन्नी पूर्वी कांकरेज गाईंसाठी नावाजलेली होती. शेंगा पोटभर खाल्लेल्या गाई पोटाच्या विकाराने दगावू लागल्या. म्हैस मात्र त्या पचवते. त्यामुळे गाई कमी होत गेल्या आणि म्हशी वाढल्या. आज जिचे कौतुक होते ती म्हैस बन्नीची राणी झाली, त्यामागे पालकांची निवड आहे हे खरे, पण वेडी बाभळीने लादलेली निवडही आहे.

उपाय म्हणून काय केले, तेही सांगणे भाग आहे. २००४ मध्ये तोडीवरची बंदी उठवून कोळसा पाडण्यास मुभा देण्यात आली. काही वर्षांत भट्ट्यांचा धूर सर्वत्र दिसू लागला, आणि २००८ मध्ये ती मुभा काढून घेण्यात आली. वरून तोडलेल्या झाडाच्या बुंध्यातून अनेक नवे फोक फुटतात, त्यामुळे तोड झाली तेथे झुडूप पूर्वीपेक्षा दाट होण्याचा धोका असतो. बन्नीतच केलेल्या प्रयोगांत झाड मुळासकट काढलेल्या तुकड्यांवर गवताचे आच्छादन वाढले, तर नुसत्या फांद्या छाटलेल्या तुकड्यांवर तसा लाभ दिसला नाही. मुळासकट काढायचे तर यंत्र हवे, पैसा हवा आणि काढल्यानंतर काही काळ नव्या गवताला जनावरांपासून जपायलाही हवे. कुंपणाची कल्पना येथून येते, आणि तेवढ्यापुरती ती रास्तही आहे. मात्र कुंपण घालून मागे देखरेख राहिली नाही, तर चराई नाही आणि खुरपणीही नाही अशा त्या तुकड्यात पुन्हा वेडी बाभूळच सर्वांत आधी डोके काढणार.

२००९ ची आयोजना आणि तिला झालेला विरोध

बन्नीची कायदेशीर स्थिती गुंतागुंतीची आहे. कच्छच्या संस्थानी काळात हे राखीव कुरण होते. नांगर घालण्यास मनाई होती आणि चराईवर पानचराई नावाचा कर घेतला जाई. १९५५ मध्ये, म्हणजे कच्छ मुंबईच्या द्विभाषिक राज्यात येण्याच्या आदल्या वर्षी, बन्नी संरक्षित वन म्हणून अधिसूचित झाली. पण जमीन महसूल खात्याकडेच राहिली, रीतसर मोजणी आणि हक्कांची निश्चिती झाली नाही, आणि वनखात्याकडे ती कागदोपत्री सोपवण्यास १९९८ उजाडले. पन्नासच्या आसपास गावे, जत, मुतवा, हालेपोत्रा, नोडे, मेघवाळ अशा वीसएक समाजांची माणसे, आणि सातबाऱ्यासारखा एकही कागद कोणाच्या हाती नाही. अशा ठिकाणी कुंपणाचा पहिला खांब रोवला जातो तेव्हा त्याचा अर्थ गवताची निगा एवढाच राहत नाही.

मालधाऱ्यांनी २००८ मध्ये बन्नी पशु उच्छेरक मालधारी संघटन स्थापन केले होते. होडको गावात दरवर्षी भरणारा पशुमेळा हे त्याचे लोकांना दिसणारे रूप. कार्य आयोजनेचा तपशील कळल्यावर या संघटनेने ‘बन्नी को बन्नी रहने दो’ असे म्हणत विरोध उभा केला. भुजमधील सहजीवन या संस्थेची त्याला साथ होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की बन्नी हे गावागावांत न वाटलेले एकच कुरण आहे. कोणत्याही गावाची म्हैस कोणत्याही गावाच्या रानात चरते, आणि दुष्काळात यावरच सगळ्यांचा निभाव लागतो. विभाग पाडले की ही देवघेव तुटते. शिवाय रात्री गुराख्याशिवाय हिंडणाऱ्या म्हशीला बंद विभाग आणि उघडा विभाग कोण समजावणार? पिढ्यान्‌पिढ्या एकाच वाटेने जाणारा कळप कुंपणाशी अडतो, आणि मग प्रत्येक कळपामागे रात्रभर एक माणूस ठेवणे आले. ही आक्षेपांची यादी वाचताना मला हा शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटला, कारण तो तत्त्वाचा नसून रोजच्या मजुरीचा आहे.

येथे महाराष्ट्रातील वाचकाला हिवरे बाजार आठवल्याशिवाय राहणार नाही. नगर जिल्ह्यातल्या त्या गावाने पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात, १९९० च्या दशकात, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, डोंगरावर समतल चर खोदले, गवत विळ्याने कापून गोठ्यात आणले आणि दुधाचे उत्पादन काही पटींनी वाढवले. बंदीचा तेथे लाभ झाला, यात शंका नाही. पण तो का झाला? गावाचे क्षेत्र हजार हेक्टरांच्या आत, एकच ग्रामसभा, उतारावर पाणी अडवले की गवत येणारच अशी भूरचना, आणि कापून आणता येईल एवढ्या अंतरावरचे रान. बन्नी त्याच्या अडीचशे पट मोठी आहे; तेथे विळ्याने गवत कापून म्हैस पोसण्याचा हिशेब बसत नाही. चराईबंदीची दुसरी बाजूही आपण क्वचितच बोलतो. पाणलोटाच्या कामांसाठी गावोगावची रानं बंद झाली तेव्हा त्या गावांच्या दुधाचे आकडे चढले, पण दिवाळीनंतर मेंढ्यांचे वाडे घेऊन निघणाऱ्या धनगरांच्या वाटेवरचे एकेक कुरण कमी होत गेले. शेतात मेंढ्या बसवून त्यांच्या लेंडीखताचे धान्य किंवा पैसे घेणे ही दख्खनमधील फिरत्या चराईची जुनी व्यवस्था आहे, आणि तिचा हिशेब कोणत्याही गावाच्या यशाच्या तक्त्यात मांडलेला मला तरी दिसलेला नाही.

कळपाची पाळीही मोडली आहे

इथपर्यंत वाचून मालधाऱ्यांची पद्धत निर्दोष आणि खात्याची सदोष, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नाही. कळपाच्या चालीवर उभी असलेली फेरपालट ज्या अटींवर चालत होती, त्या अटीच गेल्या काही दशकांत बदलल्या आहेत.

पहिली अट पाण्याची. नळाचे पाणी आणि हौद गावापर्यंत आले, ही माणसांसाठी मोठीच सोय झाली, पण विरड्याने घातलेली मर्यादा गेली. ढंढ आटला तरी कळप वस्तीजवळ राहू शकतो. परिणामी वस्तीभोवतीचे रान वर्षभर तुडवले जाते आणि लांबची राने कमी चरली जातात. दुसरी अट बाजाराची. पूर्वी दूध नाशवंत असल्यामुळे तुपाला आणि माव्यालाच गिऱ्हाईक होते. बन्नीतल्या भिरंडियारा गावाचा मावा त्यातूनच नावाला चढला. दूध संकलन केंद्रे आल्यापासून रोख पैसा येऊ लागला आणि म्हशीची किंमत लाखाच्या घरात गेली. मात्र दुधाची गाडी ठरावीक वेळी, ठरावीक जागी येते. रोज सकाळ-संध्याकाळ केंद्रावर दूध घालणाऱ्या कुटुंबाला पावसामागे मुक्काम हलवणे परवडत नाही, त्याने सरकीची पेंड विकत आणणे स्वाभाविक आहे, आणि पेंडीवर म्हशी वाढवता येतात म्हणून कळप गवताच्या कुवतीपेक्षा मोठा होतो. तिसरे कारण कोळशाचे. गुरे नसलेल्या किंवा थोडी असलेल्या कुटुंबांना वेडी बाभळीचा कोळसा हाच रोजगार आहे, आणि ती मुळासकट नष्ट व्हावी असे त्यांना मनापासून वाटत असेल, असे मानण्याचे कारण नाही. मालधारी हा एकजिनसी समूह धरून चालणाऱ्या लेखनात हा पेच दिसत नाही.

आणि चौथे, सर्वांत गंभीर : नांगर. मोजणी न झालेल्या जमिनीवर कुंपण घालून एरंडी, गवार यांसारखी पिके घेणे वाढत गेले. हे करणाऱ्यांत बाहेरचे होते तसेच बन्नीतलेही होते. वाहितीसाठी निवडली जाते ती गोड्या मातीची, पाणी साचणारी जागा, म्हणजे चांगल्या गवताची जागा. एकदा नांगरली की बारमाही गवताची मुळे उखडली जातात, आणि ती पुन्हा बसण्यास किती पावसाळे लागतील हे सांगता येत नाही. वनखात्याच्या कुंपणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या संघटनेला आता आपल्याच शेजाऱ्यांच्या कुंपणाविरुद्ध दाद मागावी लागली.

हक्काचा कागद

२००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या पशुपालकांच्या चराईचा हक्क आणि सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क, हे दोन्ही मान्य केलेले आहेत. २०१२-१३ च्या सुमारास बन्नीतील सत्तेचाळीस वनहक्क समित्यांनी त्याखाली सामूहिक दावे दाखल केले. कायद्याच्या नमुन्यात प्रत्येक गावाने आपली हद्द दाखवावी अशी अपेक्षा असते. बन्नीकरांची मागणी मात्र गावनिहाय हद्दी न पाडता कुरण एकत्रच राहावे अशी होती. दाव्यांची छाननी पुढे सरकली, पण अधिकारपत्रे वर्षानुवर्षे हाती पडली नाहीत.

वाहितीच्या प्रश्नावर संघटना २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. त्याच वर्षी न्यायाधिकरणाने बन्नीत वनेतर कामांना अंतरिम मनाई केली, आणि मे २०२१ मध्ये सर्व अतिक्रमणे सहा महिन्यांत हटवावीत व वनसंवर्धनाचा मालधाऱ्यांचा हक्क चालू राहावा, असा आदेश दिला. आदेश स्पष्ट होता. त्याची अंमलबजावणी तितकी सरळ नव्हती, कारण कोणते शेत जुने, कोणते नवे आणि कोणते आपल्याच भाऊबंदाचे, हे ठरवताना गावागावांत तंटे होणारच होते.

तांत्रिक बाजूने पाहता, या टप्प्यावर कुंपण आणि कळप यांचा मेळ घालणे अशक्य नाही, असे मला वाटते. वेडी बाभूळ मुळासकट काढलेले तुकडे लहान ठेवावेत आणि ते कळपांच्या ठरलेल्या वाटांवर येऊ देऊ नयेत. पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत ते बंद ठेवावेत व हिवाळ्यात उघडावेत. कोणता तुकडा कधी उघडायचा हे गावाने त्या वर्षीचा पाऊस पाहून ठरवावे. शेंगा पिकण्याच्या दिवसांत दाट बाभूळबनातून आलेला कळप साफ केलेल्या तुकड्यात थेट सोडू नये, कारण पोटातले बी दोन-चार दिवस पडत राहते. या सगळ्याला मनुष्यबळ लागेल आणि ते मनुष्यबळ रात्री झोपणारे असून चालणार नाही. अधिकारपत्र हाती नसलेल्या गावाने हा खर्च आणि जागरण कोणाच्या भरवशावर करावे, येथे मात्र तांत्रिक सल्ला संपतो.

दरम्यान, डिसेंबर २०२३ मध्ये बन्नीत चित्त्यांचे प्रजनन केंद्र उभारण्यास केंद्र सरकारने मंजुरी दिली. त्यासाठीचे बंदिस्त क्षेत्र सुमारे ५०० हेक्टरांचे आहे. अडीच लाख हेक्टरांच्या कुरणात ते अर्धा टक्काही भरत नाही. पण बन्नीत सगळे हेक्टर सारखे नसतात. ते पाचशे हेक्टर रणालगतच्या खाऱ्या पट्ट्यात असतील तर कळपांना त्याची फारशी झळ लागणार नाही. पाणी साचणाऱ्या गोड्या जमिनीत असतील तर दुष्काळात अनेक गावांच्या म्हशी त्याच्या जाळीपर्यंत येऊन थांबतील.